वनस्पतींच्या अर्काची अँटिऑक्सिडंट आणि जिवाणूरोधक क्षमता कशी तपासावी

औषधी वनस्पतीचा अर्क हाती घेतला की त्याच्याकडून बहुतेक वेळा दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: हा अर्क मुक्त मूलकांना, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील कणांना, निष्प्रभ करतो का (यालाच अँटिऑक्सिडंट क्षमता म्हणतात), आणि तो जिवाणूंची वाढ रोखतो का. दोन्ही चाचण्या वरवर पाहता सोप्या आहेत. पहिलीत जांभळे द्रावण पिवळे होते, दुसरीत आगरावर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर, खाचेभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. हे दृश्य डोळ्यांना इतके पटते की त्यामागची तुलना नीट मांडली आहे की नाही, हे पाहण्याआधीच निष्कर्ष लिहिला जातो. अर्क हे एका शुद्ध रसायनाचे द्रावण नसते. त्यात शेकडो संयुगे असतात. त्यांतील काही रंगीत असतात, काही स्वतःच अभिकारकाशी अनपेक्षित क्रिया करतात आणि काही द्रावकाबरोबर आलेली असतात. म्हणून या मार्गदर्शिकेत कृतीपेक्षा कंट्रोलवर, म्हणजे अर्क नसलेल्या, अभिकारक नसलेल्या आणि जिवाणू नसलेल्या नळ्यांवर, अधिक भर दिला आहे.

वनस्पतीची ओळख आणि नमुना

प्रयोगशाळेतील सर्व अचूकता चुकीच्या वनस्पतीवर खर्च होऊ शकते. ‘ब्राह्मी’ हे नाव बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका अशा दोन अगदी वेगळ्या कुळांतील वनस्पतींना लावले जाते, आणि ‘शंखपुष्पी’ या नावाखाली तर त्याहून अधिक वनस्पती येतात. केवळ रूढ नावावर विसंबून केलेले काम दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येत नाही. त्यामुळे वनस्पतीची ओळख जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पटवून घ्यावी, फूल किंवा फळ असलेला एक वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करावा आणि त्याचा क्रमांक वहीत नोंदवावा. कोणता भाग वापरला, तो कोणत्या महिन्यात गोळा केला आणि झाड फुलोऱ्यात होते की नाही, हेही लिहावे, कारण एकाच झाडाच्या पानांतील फिनॉलिक संयुगांचे, म्हणजे बहुधा अँटिऑक्सिडंट गुण देणाऱ्या संयुगांचे, प्रमाण वयानुसार आणि ऋतूनुसार बदलते.

गोळा केलेला भाग धुऊन, पाणी निथळवून सावलीत किंवा सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. ओले पान ठेचून तसेच ठेवू नये. पेशी फुटताच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉल संयुगांचे ऑक्सिडीकरण करू लागते आणि पान काळपट पडते. जे मोजायचे आहे, तेच अशाने हातचे जाते.

अर्क काढणे

सामान्य तपासणीसाठी १० ग्रॅम बारीक भुकटी १०० मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉलमध्ये घालून, झाकण लावून, २४ तास मंद हलत ठेवावी. नंतर गाळून, उरलेल्या चोथ्यावर तेवढेच ताजे द्रावक घालून हीच क्रिया आणखी एकदा करावी आणि दोन्ही वेळची गाळलेली द्रावणे एकत्र करावीत. निव्वळ मिथेनॉलपेक्षा थोडे पाणी मिसळलेले मिथेनॉल फिनॉलिक संयुगांना बहुधा अधिक चांगले ओढून घेते, कारण पाण्यामुळे भुकटी फुगते आणि साखरेशी जोडलेली फ्लेव्होनॉइडेही विरघळतात. हेक्झेनमध्ये मेद आणि मेण उतरते, इथाइल ॲसिटेटमध्ये मध्यम ध्रुवीयतेची संयुगे उतरतात. वनस्पतीविषयी आधी फारशी माहिती नसेल तर वाढत्या ध्रुवीयतेच्या क्रमाने तीन-चार द्रावके वापरून वेगवेगळे अर्क काढणे श्रेयस्कर ठरते. सॉक्सलेट उपकरणाने काम लवकर होते, पण त्यात उतरलेला अर्क तासन्‌तास उकळत राहतो, त्यामुळे उष्णतेने बिघडणाऱ्या संयुगांसाठी ते टाळावे.

मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे. हे सर्व काम धूरकपाटात आणि हातमोजे घालून करावे.

गाळून एकत्र केलेले द्रावण रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या आत आटवावे. मिथेनॉल निघून गेल्यावर जे पाणी मागे राहते ते गोठवून निर्वातात वाळवावे. ही पायरी उरकून टाकू नये. अर्कात मिथेनॉल शिल्लक राहिले तर पुढे जिवाणू त्यानेही रोखले जाऊ शकतात आणि त्याचे श्रेय वनस्पतीला जाते. वाळलेल्या अर्काचे वजन भागिले भुकटीचे वजन गुणिले १०० म्हणजे अर्काचा उतारा. तो प्रत्येक अर्कासाठी नोंदवावा. अर्क घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, उणे २० अंशांवर ठेवावा. जलीय अर्क पातळ स्वरूपात साठवू नये, कारण त्यात बुरशी फार लवकर वाढते.

तुळशीसारख्या सुगंधी वनस्पतींबाबत एक इशारा द्यायला हवा. तिच्यातील युजेनॉलसारखी संयुगे बाष्पनशील असतात आणि निर्वातात आटवताना त्यांचा बराच भाग निघून जातो. सुगंधी तेलाची क्षमता पाहायची असेल तर क्लेव्हेंजर उपकरणाने ते वेगळे काढावे आणि त्याची चाचणी स्वतंत्रपणे करावी.

डीपीपीएच चाचणी

मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडलेली ही पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते. डीपीपीएच हे स्थिर मुक्त मूलक आहे. त्याचे मिथेनॉलमधील द्रावण गडद जांभळे असते आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे जोरदार शोषण करते. अर्कातील एखाद्या रेणूने त्याला हायड्रोजन अणू किंवा इलेक्ट्रॉन दिला की रंग फिका पिवळा होतो आणि शोषण घटते.

डीपीपीएचचे रेणुवस्तुमान ३९४.३ आहे, त्यामुळे ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम पुरते. हे द्रावण त्याच दिवशी करावे आणि बाटलीला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून ठेवावी. अर्क मिथेनॉलमध्ये विरघळवून निदान सहा संहती तयार कराव्यात. प्रत्येक संहतीचे १ मिलिलिटर द्रावण घेऊन त्यात डीपीपीएचचे ३ मिलिलिटर द्रावण घालावे, नळी हलवून ३० मिनिटे अंधारात ठेवावी आणि शोषण मोजावे. अर्काऐवजी १ मिलिलिटर मिथेनॉल घातलेली नळी हा कंट्रोल. त्याचे शोषण साधारण ०.८ ते ०.९ यावे. ते यापेक्षा बरेच कमी आले तर डीपीपीएच जुने झाले आहे किंवा पूर्ण विरघळलेले नाही असे समजावे.

यानंतर प्रत्येक संहतीसाठी आणखी एक नळी लागते आणि तीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते: अर्क १ मिलिलिटर आणि नुसते मिथेनॉल ३ मिलिलिटर, डीपीपीएचशिवाय. लाल-जांभळ्या फळाफुलांतील अँथोसायनिन साधारण ५२० नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश शोषतात, म्हणजे नेमक्या डीपीपीएचच्या जागी. हा अर्काचा स्वतःचा रंग वजा केला नाही तर डीपीपीएच संपले तरी शोषण उरलेलेच दिसते आणि चांगला अर्क निकृष्ट ठरतो. म्हणून चाचणीच्या शोषणातून या नळीचे शोषण वजा करावे. मग कंट्रोलच्या शोषणातून हा फरक वजा करून, त्याला कंट्रोलच्या शोषणाने भागून १०० ने गुणावे. आलेली टक्केवारी म्हणजे मूलक निष्प्रभ करण्याचे प्रमाण.

टक्केवारी आणि संहती यांच्या आलेखावरून ५० टक्के परिणाम देणारी संहती, म्हणजे आयसी-५०, काढतात. येथे दोन चुका सर्रास आढळतात. पहिली म्हणजे बाटलीतील संहती लिहिणे. वरच्या कृतीत अर्क चौपट विरळ होतो, त्यामुळे नळीतील अंतिम संहती बाटलीच्या एक चतुर्थांश असते आणि आयसी-५० तिच्यावरूनच काढायला हवी. दुसरी चूक म्हणजे ५० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना मोजमापे नसताना रेषा पुढे वाढवून आकडा काढणे. सर्व मोजमापे ८० टक्क्यांच्या वर असतील तर अर्क आणखी विरळ करावा. आलेख ताणू नये.

आपली चाचणी विश्वासार्ह आहे की नाही हे पाहण्याचा एक सुंदर मार्ग ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व सी, देते. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. वरच्या कृतीत डीपीपीएचची अंतिम संहती ७५ मायक्रोमोलर होते. तिच्या निम्मे म्हणजे ३७.५ मायक्रोमोलर संपवायला १८.७५ मायक्रोमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल पुरते, आणि त्याचे रेणुवस्तुमान १७६ धरले तर हे प्रमाण मिलिलिटरला सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम येते. आपल्या हातून ॲस्कॉर्बिक आम्लाची आयसी-५० याच्या जवळपास आली तर काम नीट चालले आहे. ती ३० किंवा ५० मायक्रोग्रॅम आली तर आम्ल खराब झाले आहे, वजनात चूक आहे किंवा विरलनाचा हिशेब बिघडला आहे, आणि अशा वेळी अर्काचे आकडे वहीत उतरवण्यात काहीच अर्थ नाही. हे गणित पाच मिनिटांचे आहे, आणि माझ्या मते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी ते करावे. याच गणितावरून हेही दिसते की आयसी-५० डीपीपीएचच्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणून दोन वेगळ्या कृतींनी काढलेल्या आयसी-५० शेजारी-शेजारी ठेवून कोणता अर्क श्रेष्ठ हे ठरवता येत नाही. तुलना हवी तर दोन्ही अर्क एकाच दिवशी, एकाच द्रावणाने तपासावेत.

वेळेचाही प्रश्न आहे. ॲस्कॉर्बिक आम्लाची क्रिया काही क्षणांत संपते, पण अनेक पॉलिफिनॉलांची क्रिया अर्ध्या तासानंतरही चालू राहते. एका संहतीचे शोषण दर पाच मिनिटांनी मोजून ते कधी स्थिरावते हे आधी पाहावे.

जोडीच्या चाचण्या

एका चाचणीवर अँटिऑक्सिडंट असा शिक्का मारू नये. एबीटीएस चाचणीत ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट यांचे मिश्रण १२ ते १६ तास अंधारात ठेवून निळे-हिरवे मूलक तयार करतात, ते ७३४ नॅनोमीटरला शोषण ०.७० येईल इतके विरळ करतात आणि अर्क घातल्यावर होणारी घट मोजतात. इतक्या लांब तरंगलांबीवर वनस्पतींचे फार थोडे रंग शोषण करतात, त्यामुळे रंगीत अर्कांसाठी ही चाचणी अधिक सोयीची आहे. बेंझी आणि स्ट्रेन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेली फ्रॅप चाचणी मूलकांविषयी काहीच सांगत नाही, ती ३.६ सामूवर फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर करण्याची शक्ती ५९३ नॅनोमीटरला मोजते.

एकूण फिनॉल मोजण्यासाठी फोलिन-सियोकाल्टू अभिकारक, सोडियम कार्बोनेट आणि गॅलिक आम्लाचा प्रमाण आलेख वापरतात आणि ७६५ नॅनोमीटरला वाचन घेतात. मात्र हा अभिकारक फक्त फिनॉल ओळखत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल, काही शर्करा आणि प्रथिनांतील टायरोसिनही त्याला निळा करतात. आवळ्यासारख्या फळाच्या अर्कात म्हणूनच हा आकडा जपून वाचावा. फ्लेव्होनॉइडांसाठीच्या ॲल्युमिनियम क्लोराइड चाचणीचे वाचन ४१५ नॅनोमीटरला घेतात, आणि हळदीतील कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच तीव्रपणे शोषण करते. अभिकारकाशिवायची अर्काची नळी शेजारी नसेल तर हळदीच्या अर्कात फ्लेव्होनॉइडांचा खोटाच सुकाळ दिसतो.

जिवाणूरोधक चाचणी: आगरावरील प्रसरण

येथून पुढचे काम जैवसुरक्षा कपाटात, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि रोगकारक जिवाणू हाताळण्याची परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच करावे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एश्चेरिशिया कोलाय यांचे प्रमाणित वाण, उदाहरणार्थ एटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहातील अनुक्रमे एटीसीसी २५९२३ आणि एटीसीसी २५९२२, वापरले तर निकालांची तुलना इतरांशी करता येते.

रात्रभर वाढवलेल्या ताज्या वसाहती निर्जंतुक क्षारद्रावणात मिसळून ०.५ मॅकफारलंड (गढूळपणावरून जिवाणूंची संख्या ठरवण्याचे प्रमाण) इतका गढूळपणा आणावा. ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३ आले म्हणजे दर मिलिलिटरला साधारण १.५ गुणिले दहाचा आठवा घात इतके जिवाणू आहेत असे धरतात. पंधरा मिनिटांच्या आत हे निलंबन, म्हणजे जिवाणू तरंगत असलेला द्रव, कापसाच्या निर्जंतुक बोळ्याने म्युलर-हिंटन आगरावर तीन दिशांनी फिरवून पसरावे. आगराची जाडी ४ मिलिमीटर असावी. ती कमी झाली तर वर्तुळ मोठे दिसते आणि वाढली तर लहान. कॉर्क बोररने ६ मिलिमीटरच्या खाचा पाडून प्रत्येकीत ५० ते १०० मायक्रोलिटर अर्क घालावा. एका खाचेत नुसते द्रावक, बहुधा डायमिथाइल सल्फॉक्साइड, अगदी तेवढ्याच संहतीत घालावे आणि दुसरीत जेन्टामायसिनसारखे ज्ञात प्रतिजैविक. पात्रे ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवून वर्तुळाचा व्यास मोजावा आणि त्यात खाचेचा व्यास धरला आहे की नाही हे स्पष्ट लिहावे.

या पद्धतीचा उपयोग फक्त चाळणीपुरता करावा, हे माझे ठाम मत आहे. वर्तुळाचा आकार अर्काच्या प्रभावाइतकाच त्याच्या आगरातील प्रवासावर अवलंबून असतो. मोठे टॅनिन रेणू आणि पाण्यात न विरघळणारी संयुगे आगरातून नीट पसरतच नाहीत, त्यामुळे वर्तुळ न उमटलेला अर्क निष्प्रभ असतोच असे नाही, आणि १८ मिलिमीटरचे वर्तुळ देणारा अर्क १२ मिलिमीटरच्या अर्कापेक्षा दीडपट प्रभावी असतो असे तर मुळीच नाही. प्रतिजैविकाशी मिलिमीटरांची तुलनाही याच कारणाने निरर्थक आहे, कारण एका खाचेत काही मायक्रोग्रॅम शुद्ध औषध असते आणि दुसरीत काही मिलिग्रॅम मिश्र अर्क.

किमान रोधक संहती

खरा आकडा द्रव माध्यमातील सूक्ष्म विरलनातून मिळतो. अर्क डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवून म्युलर-हिंटन द्रव माध्यमात पंचवीसपट विरळ करावा. आता त्यात मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम अर्क आणि ४ टक्के द्रावक आहे. ९६ खणांच्या पात्रात एका ओळीतील प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर माध्यम घालावे. पहिल्या खणात १०० मायक्रोलिटर अर्क मिसळून त्यातील १०० मायक्रोलिटर दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे दहाव्या खणापर्यंत न्यावे आणि शेवटचे १०० मायक्रोलिटर टाकून द्यावेत. मॅकफारलंड निलंबन माध्यमात १५० पट विरळ करून प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर घातले की जिवाणूंची अंतिम संख्या मिलिलिटरला ५ गुणिले दहाचा पाचवा घात होते, पहिल्या खणात अर्काची संहती १,००० मायक्रोग्रॅम आणि द्रावकाचे प्रमाण १ टक्का राहते. अकरावा खण जिवाणू आणि १ टक्का द्रावकाचा, बारावा नुसत्या माध्यमाचा. अकराव्यात वाढ दिसली नाही किंवा बाराव्यात दिसली तर ते पात्र बाद समजावे.

१६ ते २० तासांनी ज्या सर्वांत कमी संहतीत वाढ दिसत नाही ती किमान रोधक संहती. अर्काने खण गढूळ झाल्यास रेझाझुरिन घालतात. जिवंत पेशी निळ्या रेझाझुरिनचे गुलाबी रेझोरुफिन करतात. पण येथेच दोन्ही चाचण्या एकमेकींत गुंततात. तीव्र अपचायक (इलेक्ट्रॉन देण्याचा) गुण असलेला अर्क जिवाणूंशिवायही रेझाझुरिनला गुलाबी करू शकतो, म्हणजे डीपीपीएच चाचणीत उत्तम ठरलेला अर्क येथे निष्प्रभ भासेल. यासाठी अर्काच्या प्रत्येक संहतीची जिवाणूंशिवायची एक पूर्ण ओळ लावावी. शंका राहिली तर स्वच्छ दिसणाऱ्या खणांतून १० मायक्रोलिटर द्रव ताज्या आगरावर पसरावे आणि वसाहती मोजाव्यात. मूळ संख्येच्या ९९.९ टक्के जिवाणू नष्ट करणारी सर्वांत कमी संहती म्हणजे किमान जिवाणूनाशक संहती. त्यावरून अर्क वाढ थांबवतो की जिवाणू मारतो हेही उलगडते.

कच्च्या अर्काची किमान रोधक संहती मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पुढील विलगीकरणाचे श्रम घ्यावेत. ती १,००० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर त्या अर्काला जिवाणूरोधक म्हणण्याचा मोह आवरावा. एश्चेरिशिया कोलायवर आकडे बहुधा वाईट येतात, कारण ग्रॅम-ऋण जिवाणूंचे लिपोपॉलिसॅकराइडयुक्त बाह्य पटल अनेक वनस्पतिज रेणूंना आत येऊ देत नाही आणि आत आलेल्यांना बहिःक्षेपक पंप बाहेर टाकतात. हा अर्काचा दोष मानू नये, पण तो लपवूही नये.

पॉलिफिनॉलने भरलेल्या अर्कांबाबत आणखी एक प्रयोग आवर्जून करावा. गॅलिक आम्लासारखी संयुगे वाढमाध्यमात हवेतील ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणजे नळीत अँटिऑक्सिडंट ठरलेले द्रव्य माध्यमात नेमके उलटे वागते आणि जिवाणू त्या पेरॉक्साइडने मरू शकतात. एका ओळीत पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज हे विकर घालून किमान रोधक संहती पुन्हा काढावी. ती बरीच वाढली तर परिणाम पेरॉक्साइडचा होता.

नोंद आणि आवराआवर

प्रत्येक मोजमाप तीनदा घ्यावे, हा नियम सर्वांना माहीत असतो. पण एकाच बाटलीतील अर्काची तीन वाचने म्हणजे केवळ हाताची अचूकता. वनस्पतीतील नैसर्गिक फरक त्यात येत नाही. स्वतंत्रपणे गोळा केलेल्या तीन नमुन्यांचे तीन अर्क काढले तरच सरासरी आणि प्रमाण विचलन यांना अर्थ येतो. अहवालात द्रावक, उतारा, अंतिम संहती, वाणाचा क्रमांक आणि कंट्रोलची प्रत्यक्ष वाचने द्यावीत. काचेतील या आकड्यांवरून औषधाची मात्रा सुचवू नये, कारण आतड्यातून किती संयुग शोषले जाते आणि मानवी पेशींवर तेच किती विषारी आहे, हे या चाचण्यांनी तपासलेले नसते. पुढचे पाऊल म्हणून पेशींवरील विषाक्तता चाचणी त्याच अर्कावर करावी.

काम संपल्यावर वापरलेली पेट्रीपात्रे, खणांची पात्रे आणि पिपेटची टोके जैवकचऱ्याच्या पिशवीत भरून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निदान ३० मिनिटे ठेवावीत, मिथेनॉल आणि डीपीपीएचचे उरलेले द्रावण सेंद्रिय द्रावकांच्या स्वतंत्र डब्यात जमा करावे, आणि दोन्हींवर दिनांकासह चिठ्ठी चिकटवूनच खोली सोडावी.